लाम त्सुएनचं खोरं: हाक्का, पुन्ती आणि पाण्याची वाट

आजचा विषय एक लहानसं खोरं आहे. हाँगकाँगच्या उत्तरेकडच्या ग्रामीण पट्ट्याला न्यू टेरिटरीज म्हणतात. तिथला ताय मो शान हा 957 मीटर उंचीचा डोंगर हाँगकाँगमधला सर्वांत उंच. त्याच्या उत्तर उतारावरून लाम त्सुएन नदी निघते, दहा-अकरा किलोमीटर वाहते आणि ताय पो या बाजारगावाजवळ तोलो खाडीला मिळते. नदीच्या दोन्ही अंगांना वीस-पंचवीस गावं आहेत. त्यातली मूठभर पुन्ती लोकांची, बाकी हाक्का लोकांची.

दोघेही हान चिनीच. पुन्ती आधी आलेले आणि कँटनी वळणाची बोली बोलणारे. हाक्का बरेच नंतर आलेले, त्यांची बोली निराळी. पुस्तकांत हा फरक बोलीपासून सुरू होतो आणि बायकांच्या टोप्यांपर्यंत जाऊन थांबतो. मी आज दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करणार आहे. खोऱ्याच्या वरच्या अंगाला कोण, खालच्या अंगाला कोण, पाणी कुणाच्या शेतातून कुणाच्या शेतात उतरतं आणि भाताचा खंड कुणाच्या कणगीत जातो, एवढं कळलं की बोलीचा प्रश्न आपोआप जागेवर बसतो.

खोऱ्याच्या तळाशी नदीनं आणलेला गाळ आहे. जमीन सपाट, चिखल खोल, पाणी हाताशी. ही जमीन आधी आलेल्यांनी घेतली. नंतर आलेल्यांना मिळाल्या त्या वरच्या घळी आणि डोंगराच्या सोंडा. तिथं शेत काढायचं तर आधी दगडी ताली घालायच्या, मग पायऱ्या पाडायच्या. खाली रेड्याचा नांगर चालतो. वरच्या अरुंद पायऱ्यांवर रेडा वळत नाही, तिथं गाय-बैलच लागतात.

ही 'नंतर आलेली' मंडळी नेमकी कधी आली? सतराव्या शतकात चीनमध्ये चिंग राजवट नवी होती आणि तैवानकडून समुद्रमार्गे लढणाऱ्या विरोधकांना किनाऱ्यावरून रसद मिळत होती. ती तोडण्यासाठी 1661 साली फर्मान निघालं: किनाऱ्यालगतची सगळी वस्ती आत हलवा. किनाऱ्यापासून पन्नास ली, म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटर रुंदीचा पट्टा रिकामा करायचा होता. आजचं हाँगकाँग तेव्हा शिनआन तालुक्यात होतं. जवळजवळ सगळा तालुकाच या पट्ट्यात आला. माणसं नसलेला तालुका ठेवायचा कशाला, म्हणून 1666 मध्ये तो शेजारच्या तालुक्यात विलीनसुद्धा केला. 1669 मध्ये परतीची परवानगी मिळाली तेव्हा अनेक घराण्यांतली निम्मीही माणसं परतली नाहीत. लोकांची बाजू मांडणाऱ्या चौ आणि वाँग या दोन अधिकाऱ्यांच्या नावानं काम तिन इथं तांग घराण्यानं उभारलेली शाळा आजही आहे. पण शेतं पडीक आणि सारा बुडालेला. तेव्हा सरकारनं आतल्या डोंगराळ भागातल्या लोकांना इकडे बोलावलं. पुढच्या शंभरेक वर्षांत घराणं-घराणं करत हाक्का आले आणि लाम त्सुएनच्या वरच्या अंगाला बसले.

जमीन मिळाली, पण पूर्ण मिळाली नाही. न्यू टेरिटरीजमध्ये एका शेताचे दोन मालक असू शकत. एकाकडे जमिनीचं 'हाड', दुसऱ्याकडे जमिनीची 'कातडी'. हाडाचा मालक सरकारात सारा भरतो, म्हणजे निदान भरतो असं म्हणतो, आणि कातडीच्या मालकाकडून दरवर्षी भाताचं ठरलेलं माप घेतो. कातडीचा मालक शेत कसतो, ते विकू शकतो, गहाण टाकू शकतो, मुलांना देऊ शकतो. खंड चुकत नाही तोवर त्याला कुणी हलवू शकत नाही. आपल्याकडच्या जुन्या मिरासदार (पिढीजात हक्काचा) आणि उपरी (बाहेरून येऊन कसणारा) या व्यवस्थेशी ताडून पाहायचं तर हा उपरीपेक्षा पक्का आणि मिरासदारापेक्षा कच्चा. हाडाचे मालक बहुतेक तांग, लिउ, हाउ, पांग, मान या पाच थोर पुन्ती घराण्यांपैकी. यांत तांग सर्वांत जुने. सोंग राजवटीच्या काळापासून, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकापासून, काम तिनच्या मैदानात त्यांची वस्ती. लाम त्सुएन खोऱ्यातले पुन्ती या बड्या घराण्यांपैकी नव्हते, तेही लहान लोकच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पाणी. या भागात वर्षाला सरासरी 2400 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा मे ते सप्टेंबर या महिन्यांत. भाताची पिकं दोन. पहिल्याची रोपं मार्चमध्ये टाकायची, लावणी एप्रिलमध्ये, कापणी जुलैमध्ये. लगेच दुसरी लावणी ऑगस्टच्या सुरुवातीला, कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. अडचण पहिल्या लावणीची. मार्च-एप्रिलमध्ये पाऊस अजून धरलेला नसतो, ओढे बारीक असतात आणि चिखलणीला तर सर्वांत जास्त पाणी लागतं. खोऱ्यातली पाण्याची भांडणं याच पाच-सहा आठवड्यांची. दुसऱ्या पिकाला पाणी मुबलक, पण त्याला टायफूनची भीती. फुलोऱ्यात वादळ सापडलं तर दाणा भरत नाही.

ओढ्यात आडवा दगडी बंधारा घालायचा. मोठे धोंडे खाली, मध्ये लहान दगड, फटींत गवताची ढेकळं आणि माती. तो मुद्दाम पूर्ण पाणबंद करत नाहीत; थोडं पाणी झिरपून खाली गेलंच पाहिजे, कारण खालच्या गावाचा बंधारा त्यावरच अवलंबून असतो. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एका बाजूनं पाट काढायचा आणि डोंगराच्या अंगानं, जवळजवळ सपाट चालीनं, शेतांपर्यंत न्यायचा. पाटाला उतार जास्त दिला तर तळ खरवडला जातो, कमी दिला तर गाळ बसतो. सर्वांत कच्ची जागा म्हणजे बंधारा जिथं काठाला टेकतो ती. पुराचं पाणी बंधारा फोडत नाही, बगल देऊन काठ खातं आणि बंधारा कोरडा ठेवून शेजारून निघून जातं. म्हणून पावसाळ्यानंतर दुरुस्ती काठापासून सुरू होते. शेतातून शेतात पाणी उतरतं ते बांधाला ठेवलेल्या तोंडातून. तोंड किती खोल ठेवायचं यावर खालच्या शेताचं नशीब. वरच्यानं ते चार बोटं उचललं तरी खालच्याची रोपं पिवळी पडतात.

वरचा हाक्का, खालचा पुन्ती असं असताना या खोऱ्यात मारामाऱ्या किती व्हायला हव्या होत्या! दक्षिण चीनमध्ये पर्ल नदीच्या पश्चिमेला तायशान, कायपिंग, एनपिंग भागात 1855 ते 1867 या बारा वर्षांत हाक्का आणि पुन्ती यांच्यात खरोखरचं युद्ध झालं. लाखोंनी माणसं मेली, आणि शेवटी हाक्कांसाठी छीशी नावाचा वेगळा विभाग सरकारला काढावा लागला. लाम त्सुएनमध्ये तसं झालं नाही. का, ते बाजाराच्या गोष्टीत येईल. आधी गाव बघू.

गावाची जागा ठरलेली. पाठीला डोंगर, डोंगर आणि गाव यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराचं रान, समोर शेतं, शक्य असेल तर समोर तळं किंवा ओढ्याचं वळण. गाव भातजमिनीवर बसवत नाहीत. भातजमीन मोलाची, म्हणून घरं उताराच्या पायथ्याशी, शेत संपतं तिथं. पाठीमागच्या रानाला फेंगशुईचं रान म्हणतात आणि त्याची फांदी तोडायला बंदी. श्रद्धा आहेच, पण रानाची कामं रोखठोक आहेत. हिवाळ्यातला उत्तरेचा वारा अडतो, मुसळधार पावसात माती घरांवर येत नाही, चैत्राच्या सुमारास कबरींपाशी कागद जाळताना डोंगराचं गवत पेटलं तर वणवा ओल्या रानाशी येऊन थबकतो. आत कापराची झाडं, स्कीमा, आणि अगरूचं झाड. कडेनं बांबू, लिची, लाँगन, केळी. शे शान या गावचं प्रचंड कापराचं झाड तर प्रसिद्धच आहे. आज या रानांना कुऱ्हाडीचं भय अगरूपुरतं आहे: सुगंधी लाकडासाठी चोर रात्री येऊन खोडाला घाव घालतात, आणि पुढे झाड तोडूनही नेतात. दुसरा त्रास मिकानिया वेलीचा. कडेच्या झाडांवर ती गोधडीसारखी पसरते आणि खालचा उजेड तोडते. पूर्वी जळणासाठी बायका रानाची कड आणि डोंगरावरचं गवत सतत कापत, तेव्हा अशा वेलीला वावच मिळाला नसता.

या गवत कापणाऱ्या बायका मुख्यतः हाक्का. हाक्का बायकांचे पाय बांधत नसत. नांगर, कावड, गवताचे भारे सगळं त्यांच्याकडे. काळ्या कापडाची झालर लावलेली त्यांची चपटी टोपी पर्यटकांच्या कॅमेऱ्यांना आवडते. झालर उन्हासाठी आणि गवतातल्या किड्यांसाठी, एवढंच सांगून पुढे जातो.

घरांकडे मात्र थांबून बघायला हवं.

पुन्ती गाव श्रीमंत असेल तर 'वाय', म्हणजे तटबंदीचं गाव. उत्तम नमुना लाम त्सुएनच्या पश्चिमेला काम तिनच्या मैदानात आहे, कात हिंग वाय. साधारण शंभर मीटर लांब, नव्वद रुंद, चार कोपऱ्यांत बुरूज, बाहेर खंदक, आत शिरायला एकच दरवाजा. दरवाजातून सरळ गल्ली, गल्लीच्या शेवटी देवघर, दोन्ही बाजूंना घरांच्या काटकोनी ओळी. पुन्ती पद्धतीत पूर्वजांचं सभागृह मात्र बहुतेकदा तटाबाहेर, स्वतंत्र, भव्य इमारतीत. घर वेगळं, कुळाचा मान वेगळा.

हाक्का पद्धतीत पूर्वज घरांच्या मधोमध राहतात. त्सुएन वान इथलं साम तुंग उक हे चान घराण्याचं 1786 चं वसतिस्थान पाहिलं की रचना लगेच कळते: पुढचा, मधला, मागचा असे तीन सोपे एका रेषेत, शेवटच्यात पूर्वजांची पाटी, आणि दोन्ही बाजूंना व मागे राहती घरं त्याला चिकटून. शा तिनचं त्सांग ताय उक हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं. दगडाच्या खाणीवर कमावलेल्या त्सांग घराण्यानं ते बांधलं, त्याला कोपऱ्यांचे बुरूजही दिले. पुन्ती सभागृहात पूर्वजांच्या पाट्यांची पिढीवार उतरंड असते. हाक्का सभागृहात बहुतेक ठिकाणी सगळ्या पूर्वजांची मिळून एकच पाटी.

लाम त्सुएनमध्ये एवढी ऐपत क्वचित. तिथं मिळतात ओळी. एकाला एक लागून दहा-बारा घरं, मधल्या घरात पूर्वज, ओळीच्या मागे दोन-तीन फूट उंचीवर दुसरी ओळ. घराची रुंदी साधारण बारा ते पंधरा फूट, आणि याला कारण लाकूड. छपराची वाशांची आडवी ओळ दोन बाजूंच्या भिंतींवर थेट टेकते, मध्ये खांब नाही. फर झाडाचं सरळ, स्वस्त लाकूड जेवढं पेलतं तेवढं घर रुंद. रुंदी फुटांत सांगतही नाहीत; छपरावर कौलांच्या पन्हळी किती, त्यावरून सांगतात, आणि तो आकडा विषम ठेवतात.

आत शिरल्यावर आधी उघडा किंवा अर्धा उघडा चौक. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला अंघोळीची जागा, पाणी चौकातल्या मोरीतून दारापुढच्या गटारात. मग बैठकीची खोली, तिच्या मागे लाकडी पडद्याआड झोपायची जागा, तिच्यावर माळा. माळ्यावर भात आणि बियाणं. चुलीचा धूर सगळ्या घरातून फिरून कौलांतून बाहेर पडतो. डोळ्यांना त्रास, पण वाशांना वाळवी लागत नाही.

भिंतींचे तीन प्रकार. पैसेवाल्याची राखी रंगाची भाजकी वीट. ती बाहेरून आणावी लागे. अनेक घरांत फक्त दर्शनी भिंत या विटांची आणि बाजूच्या भिंती मातीच्या कच्च्या विटांच्या, वरून चुन्याचा गिलावा. कच्ची वीट गावातच होते: भात कापल्यावर शेतातला चिकण गाळ, त्यात चिरलेला पेंढा, रेड्याकडून तुडवून घ्यायचा, लाकडी साच्यात घालून सावकाश वाळवायचा. पेंढा कमी पडला तर वीट वाळताना तडकते. तिसरा प्रकार ठासलेल्या मातीचा: माती, वाळू आणि शिंपले भाजून केलेला चुना, फळ्यांच्या साच्यात जेमतेम वीतभराचे थर घालून प्रत्येक थर धुमसाने ठासायचा. थर जाड घातला तर वरचा भाग घट्ट, खालचा भुसभुशीत राहतो आणि भिंत थरागणिक सोलली जाते.

मातीच्या भिंतीला दोनच शत्रू, वरून पाणी आणि खालून ओल. खालची ओल अडवायला जोतं आणि पहिले दोन-तीन फूट दगडाचे. वरच्या पाण्यासाठी छप्पर: खाली उताणी कौलं, त्यांच्या सांध्यांवर पालथी नळीची. उताण्या कौलांची मांडणी अशी की प्रत्येक कौलाचे दहातले सात भाग वरच्या कौलाखाली झाकलेले, तीन उघडे. म्हणजे एक कौल फुटलं तरी खालचं पाणी धरतं. तरी दरवर्षी पावसाआधी शाकारणी लागतेच. मांजरं, वारा, वरून पडलेल्या फांद्या कौलं सरकवतात. एक कौल सरकलं की पाणी वाशाच्या टोकावर, तिथून भिंतीच्या माथ्यावर. एका पावसाळ्यात कच्च्या विटांचा माथा लोण्यासारखा उतरतो, वासा बसतो, आणि भिंत सामायिक असल्यानं शेजारच्याचंही छप्पर त्याच्यामागे येतं. ओळीतलं एक घर परदेशी गेलेल्या माणसाचं असेल तर दोन्ही शेजारी धास्तावतात ते यासाठी. आजकालची मोठी चूक म्हणजे मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. वरून भिंत ठणठणीत दिसते, आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, वीट आतल्या आत चिखल होते. मग एक दिवस गिलाव्याचं अख्खं पान निखळून येतं आणि मागे भिंतीत हात जाईल एवढी पोकळी. चुन्याचा गिलावा दर काही वर्षांनी करावा लागतो, पण तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

आता बाजार. ताय पोचा जुना बाजार तांग घराण्याच्या ताब्यात होता. तिथं कुणी दुकान मांडायचं, माप कुणाचं वापरायचं, हे तेच ठरवत. भात, डुकरं, जळण घेऊन डोंगर उतरणारा हाक्का आणि खालच्या शेतातला लहान पुन्ती, दोघांची अडवणूक एकाच तराजूवर. म्हणून आसपासच्या गावांनी सात गटांचा करार केला. त्यात एक गट लाम त्सुएनचा होता. या सात गटांनी नदीपलीकडे नवा बाजार वसवला आणि 1893 च्या सुमारास तिथं मान मो, म्हणजे विद्या आणि युद्ध यांच्या देवांचं, देऊळ बांधलं. देऊळ म्हणजे बाजाराची कचेरीच. सार्वजनिक तराजू देवळात असे. सौद्यात शंका आली की माल तिथं आणून तोलायचा. 1896 मध्ये नदीवर पूलही बांधला. आजचं ताय पो मार्केट म्हणजे हाच नवा बाजार.

म्हणजे एका खोऱ्यात पाण्यावरून जे भांडले असते, ते बाजारात एका बाजूला उभे राहिले. त्याआधीपासूनच खोऱ्याची एकी देवळाभोवती होती. फाँग मा पो इथं अठराव्या शतकातलं तिन हाउचं देऊळ आहे. तिन हाउ समुद्राची देवी, पण इथं ती सगळ्या खोऱ्याची. खोऱ्यातली गावं सहा गटांत वाटलेली, आणि देवळाचा कारभार या गटांनी मिळून पाहायचा. खोरं राखताना मेलेल्यांसाठी देवळात वेगळं दालन आहे. ठरावीक वर्षांनी मोठा शांतिउत्सव होतो. 2017 मध्ये झाला होता. बांबूचा मंडप, नाटकं, विधींच्या दिवसांत गावभर मांस बंद, आणि मंडपाजवळ एका लांबच लांब भिंतीवर उत्सवातल्या सगळ्या माणसांच्या नावांची यादी. त्या यादीत हाक्का-पुन्ती असे रकाने नसतात, गावांचे असतात. पर्यटक मात्र देवळाशेजारच्या इच्छावृक्षासाठी येतात. संत्र्याला बांधलेला कागद फांदीवर फेकायची रीत होती. 2005 च्या नववर्षात एक जड फांदी मोडून दोघं जखमी झाले, तेव्हापासून खऱ्या झाडावर फेकणं बंद.

1898 मध्ये ब्रिटिशांनी हा प्रदेश 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतला. एप्रिल 1899 मध्ये ताबा घ्यायला सैन्य आलं तेव्हा गावकऱ्यांनी सहा दिवस लढा दिला. 17 तारखेची चकमक लाम त्सुएनच्या खिंडीत झाली. ब्रिटिशांच्या बाजूनं लढणारी हाँगकाँग रेजिमेंट ही पंजाबकडच्या भारतीय शिपायांची होती. लढाईनंतर कात हिंग वायची लोखंडी दारं उचलून नेली. ती 1925 मध्ये परत आली.

शिपायांपाठोपाठ आली साखळी आणि तक्ता घेतलेली माणसं, तीही भारतीय सर्वेक्षण विभागाची. या मोजणीदारांनी पुढच्या चार-पाच वर्षांत न्यू टेरिटरीजचं शेत न् शेत नकाशावर आणलं. शेतांचे नकाशे मैलाला 16 इंच प्रमाणाचे, दाट गावठाणांचे 32 इंचाचे. सोळा इंच म्हणजे उत्तर हिंदुस्थानातल्या मौजा नकाशांचंच प्रमाण. आजही लाम त्सुएनमध्ये जमीन घ्यायची तर मोजणीसाठी पाडलेल्या विभागाचा क्रमांक आणि तुकड्याचा क्रमांक सांगावा लागतो, आणि ते दोन्ही याच नकाशांवरचे.

लोक इथं जमीन 'ताउ चुंग'मध्ये मोजत. एक ताउ (धान्याचं एक माप) बियाण्यात पेरून होते ती जमीन, साधारण एकराचा सहावा हिस्सा, म्हणजे पावणेसात गुंठ्यांच्या आत. मोजणीदारांनी ते सगळं एकराच्या शतांशात बसवलं. जुन्या घरांची नोंद बरेचदा 0.01 एकर अशी दिसते, म्हणजे 435.6 चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून कमी. हा आकडा अचूक नाही, जवळच्या शतांशाला आणलेला आहे. नकाशावर बाजूंच्या लांब्या नाहीत, कोन नाहीत. त्यामुळे आज दोन शेजाऱ्यांत फूटभरावरून वाद झाला की नकाशावरच्या शाईच्या रेषेची जाडीच त्या फुटाहून मोठी निघते. मग मोजणीदार जुन्या बांधाचा दगड, विहीर, गटाराची कड शोधत बसतो.

पण खरी उलथापालथ क्षेत्रफळात नव्हती, मालकाच्या रकान्यात होती. ब्रिटिशांनी विचारलं, शेत कसतो कोण? त्याचं नाव लावलं. हाडाच्या मालकांनी दावे केले. पण ज्या जमिनींचा खंड ते घेत होते त्यांतल्या पुष्कळांचा सारा त्यांनी कधी भरलेलाच नव्हता. 1905 च्या एकत्रित सरकारी पट्ट्यांत कातडीचा मालक पूर्ण मालक झाला. वरच्या घळीतल्या हाक्काचा खंड थांबला तो असा, एका रकान्यानं. ज्यांनी भीतीनं किंवा अज्ञानानं दावा सांगितला नाही त्यांची जमीन मात्र सरकारजमा झाली. पट्ट्याची मुदतही 1898 च्या 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याशी जुळवलेली: 75 वर्षं, पुढे 24, त्यातून तीन दिवस वजा. 1988 च्या कायद्यानं ती 2047 पर्यंत वाढवली.

भात या खोऱ्यातून गेला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, वीस-पंचवीस वर्षांत. थायलंडचा तांदूळ स्वस्त, तरुण ब्रिटनमधल्या खानावळींत, आणि चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या निर्वासितांना भातखाचरं भाजीपाल्यासाठी भाड्यानं मिळाली तर मालकाला घरबसल्या पैसे. मग 1972 च्या डिसेंबरमध्ये सरकारनं 'लहान घर' योजना आणली. 1898 मध्ये मान्य गावात राहणाऱ्या माणसाचा, पुरुषांच्या ओळीतून आलेला, अठरा वर्षांवरचा वंशज असेल तर आयुष्यात एकदा घर बांधायचा हक्क: तीन मजले, उंची 27 फूट, एका मजल्याचं क्षेत्र 700 चौरस फूट, आणि जागा जुन्या शेवटच्या घरापासून 300 फुटांच्या आत. मुलगा जन्मला की पुढच्या चिनी वर्षाच्या पहिल्या महिन्यात पूर्वजांच्या सभागृहात त्याच्या नावाचा कंदील टांगतात, त्याचं नाव वंशावळीत चढतं. पूर्वी हा निव्वळ आनंदाचा सोहळा होता. आता त्या नोंदीला पुराव्याचं वजन आहे. मुलींना या योजनेत जागा नाही. त्यांना जमिनीचा वारसा मिळायलाच 1994 चा कायदा यावा लागला. योजनेलाच आव्हान दिलं गेलं होतं. 2021 मध्ये हाँगकाँगच्या अंतिम अपील न्यायालयानं ती पूर्णपणे वैध ठरवली. निकाल कायद्याच्या चौकटीत बसतो; मुलीचा हिशेब त्यात बसत नाही, असं माझं मत.

दुसरं भगदाड 1983 च्या एका निकालानं पडलं. 1905 च्या पट्ट्यांत जमिनीपुढे 'भात', 'कोरडवाहू' असं लिहिलेलं असे. न्यायालय म्हणालं, ते तेव्हाचं वर्णन आहे, वापरावरचं बंधन नव्हे. झालं, न्यू टेरिटरीजमधल्या शेतांत भंगार गाड्या आणि कंटेनर येऊन बसले. 1991 मध्ये नगररचनेचा कायदा गावांना लागू झाला, तोवर बराच भराव पडून गेला होता.

लाम त्सुएनमध्ये आज हे सगळं पाण्यापाशीच येऊन मिळतं. लहान घरं उभी राहतात ती जुन्या भातखाचरांत, कारण 300 फुटांत तीच मोकळी जागा. जिथं मलनिस्सारणाची वाहिनी पोचलेली नाही तिथं प्रत्येक घराला सेप्टिक टाकी आणि शेजारी शोषखड्डा. पण भातखाचर पाणी धरून ठेवावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तुडवून तळ घट्ट केलेला असतो. पावसाळ्यात भूजल वीतभर खोलीवर येतं, खड्डा आधीच भरलेला, मैलापाणी वर येतं आणि सर्वांत जवळच्या उतारानं चालू लागतं. तो उतार म्हणजे जुना पाट. पाटाला आता कुणी धनी नाही. अर्धा बुजवलेला, अर्धा सिमेंटचा. वरच्या गावानं भराव टाकून शेत दोन फूट उचललं तर पावसाचं पाणी खालच्या गावातल्या जुन्या ओळीच्या जोत्याला लागतं, आणि दगडी जोत्याच्या वर कच्च्या विटा सुरू होतात. खालच्या गावाचा प्रतिनिधी तक्रार घेऊन जातो तो वरच्या गावाच्या प्रतिनिधीकडे नाही, जिल्हा कचेरीत. आणि तिथं पहिला प्रश्न विचारतात तो तुकड्याच्या क्रमांकाचा.